साऱ्या कॉलेजचा एकच नंबर

६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी देवाजवळ दिवा लावून, चहा न घेताच कॉलेजला गेलो. संगणक कक्ष उघडला आणि एकटाच आत जाऊन बसलो. कोणी यायच्या आत स्वतःच्या नावाने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शिरता येतं का, एवढंच पाहायचं होतं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पुढे पडद्यावर ओटीपी मागितला. माझा मोबाइल समोर ठेवून वाट पाहिली. काही आलं नाही. पाच मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे ललित.

"सर, सावध राहा. माझ्याकडे आपल्यापैकी कोणाचा तरी ओटीपी आलाय, कोणीतरी आत घुसायला पाहतंय. तुम्ही लवकर येता म्हणून विचारतो, कक्षात कोण आहे?"

"अरे, तो मीच आहे."

"तुम्ही? कशाला? मला सांगायचं ना."

ललित चौधरी आमचा संगणक चालक. वय बत्तीस-तेहतीस. आठ वर्षांपासून संस्था त्याला दर जूनला अकरा महिन्यांची ऑर्डर देते. ओटीपी त्याच्याकडे का गेला, तेही त्यानेच सांगितलं. पूर्वी सगळ्यांची नोंदणी झाली तेव्हा आमच्या आवारात फक्त त्याच्याच सिमला रेंज होती. जो तो म्हणाला, तुझाच नंबर टाक. टाकला. प्राध्यापक, कार्यालय, मी, प्राचार्य, सगळ्यांचा नंबर म्हणजे ललितचा नंबर. आठ वर्षांत मला हे कधी समजलं नाही, कारण आठ वर्षांत मी स्वतः आत शिरायचा प्रयत्नच केला नव्हता.

हा खटाटोप यासाठी, की शनिवारी प्राचार्यांनी मला तंत्रज्ञान प्रशिक्षणाचा समन्वयक नेमलं. प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी, तिघांसाठी. मी ग्रंथपाल. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर शिकलेला. पहिला संगणक पाहिला तेव्हा मला नोकरी लागून गेली होती. मलाच का, असं विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला वेळ असतो." संस्थेचे सचिव शांतीलालभाई तिथेच होते. ते म्हणाले, "एका ऑपरेटरवर सगळं कॉलेज किती दिवस चालवायचं? प्रत्येकाला आपलं काम आपल्याला यायला हवं. मग पुढच्या वर्षीचं पाहता येईल."

मला हे पटलं. माणसाला स्वतःचं दार स्वतः उघडता यायला हवं.

८ जानेवारी, बुधवार

काय शिकवायचं ते ठरवण्याआधी लोकांना काय येत नाही ते विचारावं, म्हणून स्टाफरूममध्ये फिरलो. अर्थशास्त्राचे अमृत पाटील माझे जुने मित्र, बोलतात अहिराणीत. त्यांना आधी विचारलं.

"छगनभाऊ, कसाले तरास करी ऱ्हायनात? ललित शे ना."

"तरी पण, एखादी गोष्ट?"

"ललितले फोन कसा लावाना ते शिकाड. बाकी तोच करस."

सगळे हसले. मीही हसलो. पण पुढे ज्याला विचारलं त्याने थोड्या फरकाने हेच सांगितलं. कार्यालयात तर एक जण म्हणाले, संगणक बिघडला तरी चालतो, ललित बिघडायला नको.

कुतूहल वाटतं ते असं. ही सगळी हुशार माणसं. अमृतभाऊ उसाचा हिशोब तोंडी करतात. मग इथेच का अडतात? भीती म्हणावी तर चेहऱ्यावर भीती दिसत नाही. उलट आरामात आहेत.

ललितला विचारलं, तुला कोणी काही विचारायला आलं की तू काय करतोस? म्हणाला, "करून देतो." मी म्हटलं, दाखवतोस का? तो जरा गोंधळला. "दाखवायला जास्त वेळ लागतो ना, सर."

२५ जानेवारी, शनिवार

पहिलं सत्र झालं नाही. सगळे जमले, चहा झाला, आणि प्रोजेक्टरची केबल सापडेना. कालपर्यंत कपाटात होती. ललितने बिचाऱ्याने सगळे खण उपसले, टेबलाखाली वाकून पाहिलं, कपडे धुळीने भरले.

"उंदीर शेतस सर, दुसरं काय."

उंदीर अख्खी केबल कशी नेतील, हे मला समजत नाही, पण या जुन्या इमारतीत काही सांगता येत नाही. शहाद्याच्या बाजारात पाहून आलो, त्या मापाची मिळाली नाही. पुढच्या शनिवारी केबलशिवायच करू. प्रत्येकाला एकेक यंत्र दिलं तर पडद्याची गरज काय?

१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

प्रत्येकाला संगणकासमोर बसवलं. यंत्रं कमी पडली तिथे मोबाइल. मी म्हटलं, आज एकच गोष्ट. आपापल्या नावाने आत शिरायचं. मी 'चला' म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबलं.

ललित दाराशी उभा होता. त्याच्या खिशातला फोन वाजू लागला, आणि थांबेचना. त्याने फोन काढला, पाहिलं, आणि गोंधळून मोठ्याने वाचायला लागला. "चार सात एक एक नऊ दोन! सहा शून्य आठ तीन तीन पाच!"

"हाऊ कोना शे?" कोणीतरी विचारलं.

"नाव येत नाही सर, फक्त आकडा येतो. कोणाचा बसतो बघा."

मग जो तो प्रत्येक आकडा घालून पाहू लागला. कोणी ओरडे, मन्हा नही. कोणी म्हणे, परत वाच. अमृतभाऊ म्हणाले, "दहावीना निकाल लागी ऱ्हायना जसा!" मराठीच्या बाईंचा आकडा पहिल्याच फटक्यात बसला, त्यांना टाळ्या पडल्या. बाकी सगळ्यांची खाती चुकीच्या आकड्यांमुळे बंद पडली. आज दिवसभर उघडणार नाहीत, असा लाल मजकूर आला.

हसून हसून पोटात दुखलं. पण घरी येताना बसमध्ये विचार करत होतो. त्या यंत्राच्या लेखी आम्ही सगळे मिळून एकच माणूस आहोत. सर्वांच्या ठायी एकच आहे असं संतांनी सांगितलंय, पण त्यांना ललित अभिप्रेत नसावा.

म्हणजे शिकवणं नंतर. आधी प्रत्येकाच्या खात्यावर त्याचा स्वतःचा नंबर आला पाहिजे. योजनेची पहिली पायरी सापडली.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी चहाला ललितला बोलावून ही पायरी सांगितली. म्हटलं, आता तुझ्या मागची कटकट संपेल. सगळे नंबर बदलले, सगळ्यांना शिकवलं, की तू मोकळा.

तो बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "मोकळा म्हणजे किती मोकळा, सर?"

त्याची थट्टा करायची अशी तऱ्हा आहे. मी म्हटलं, एकदम मोकळा. त्याने बशी ठेवली आणि रंजिताला तपासणीला न्यायचंय म्हणून लवकर गेला. रंजिता त्याची बायको. नववा महिना चालू आहे. पहिलंच मूल.

नंबर बदलायला प्राचार्यांच्या खात्यातून मंजुरी लागते. ते खातंही ललितच्याच नंबरवर. त्याला म्हटलं, या आठवड्यात करून टाकू. म्हणाला, साइट स्लो आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

साइट अजून स्लो आहे. तोवर विद्यार्थ्यांकडे वळलो.

त्यांच्यासाठी मार्चचा दुसरा आठवडा ठरवून फलकावर कागद लावला होता. दुसऱ्या वर्षाची रुपा वसावे ग्रंथालयात येऊन उभी राहिली. डोंगरातल्या काठी गावापलीकडच्या पाड्यावरची आहे, इथे वसतिगृहात राहते.

"सर, त्या आठवड्यात शिकवणार का?"

"हो. का?"

"मग बाकांना शिकवा. होळीला आमच्यातलं कोणी नसणार."

इतकी वर्षं या जिल्ह्यात काढून मी होळीच्या आठवड्यात डोंगरातल्या मुलांचं प्रशिक्षण ठेवलं! तिथेच कागद काढला. आज दुपारीच सुरू करू म्हटलं, आणि केलं.

मुलांना संगणक नको, मोबाइल चालतो. शिष्यवृत्तीचा अर्ज आपला आपण कसा पाहायचा, एवढंच घेतलं. माझं मराठी मागच्या बाकांवर पोचत नव्हतं. रुपाने दोघी मैत्रिणींना आपल्या बोलीत सांगायला सुरुवात केली. माझं लक्ष गेलं ते तिच्या बसण्याकडे. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"असं का गं?"

"नाहीतर माझाच हात जातो सर, तिच्या मोबाइलवर. मग तिला येत नाही."

मी मग मुद्दाम स्वतःकडे पाहिलं. तासाभरात किती मुलांचे मोबाइल माझ्या हातात आले होते! मी दाखवत नव्हतो, करून देत होतो. योजनेत ओळ घातली: शिकवणाऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंतर्गत गुण भरायचा आज शेवटचा दिवस. ललित सकाळपासून नव्हता. रंजिताला रात्री कळा सुरू झाल्या म्हणून चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलला नेलं होतं.

दुपारपर्यंत कॉलेज अडून राहिलं. मग एकेक जण बाहेर लिंबाखाली जाऊन त्याला फोन करू लागला. मला ते पाहवत नव्हतं. पण तीन वाजता माझ्याकडचे ग्रंथालय-वापराचे गुणही राहिले होते, आणि मीही लावला.

त्याने लगेच उचलला. मी म्हटलं, कसं काय रे तिकडे? म्हणाला, "ठीक आहे सर, बोला. आकडा हवाय ना?" मागून बाईचा आवाज आला, रंजिताचे नातेवाईक कोण? इकडे या लवकर. मी म्हटलं, जा, जा तू. तो म्हणाला, "एक मिनिट. लिहून घ्या सर. आठ, दोन, दोन..." तो पूर्ण सहा आकडे सांगून गेला.

मी ते सहा आकडे भरले. भरू नयेत असं वाटलं, तरी भरले.

संध्याकाळी कळलं, मुलगी झाली. दोघी सुखरूप. केदारेश्वराला हात जोडले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रात्रीचं जेवताना जसोदाला सगळं सांगितलं. माझी बायको फार बोलत नाही. आमच्या घरच्या गुजरी बोलीत बोलली, इथे लिहिताना मराठी होतंय.

"मग आता त्या पोराला सुटेल का हे?"

"सुटेल. नंबर बदलले की सगळे आपलं आपण करतील."

"आणि तो काय करील?"

"तो..."

"शांतीलालभाईंनी तुला कशाला नेमलं? लोकांना शिकवायला, की त्याला घरी बसवायला?"

"असं कोणी म्हटलेलं नाही."

"म्हणावं कशाला लागतं? तू करतोच आहेस. भाकर घे."

मी भाकरी घेतली. सचिव म्हणाले होते, पुढच्या वर्षीचं पाहता येईल. ते वाक्य मी इथेच, याच वहीत, माझ्या हाताने लिहिलंय. मागे उलटून वाचलं. लिहिताना मला ते साधं वाटलं होतं. मेमध्ये संस्थेची बैठक असते, आणि ललितची ऑर्डर मेमध्येच संपते.

ललितला हे ठाऊक नसेल. त्याला सांगायला हवं. कसं सांगणार?

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

पहाटे केदारेश्वराच्या दर्शनाला प्रकाशा गावी गेलो. तापीचं पाणी थंड होतं. रांगेत उभा राहिलो, बेल वाहिला, आणि देवाकडे काही मागायच्या ऐवजी एकच विचारत राहिलो की बरोबर गोष्ट केल्याने एखाद्याचं वाईट होणार असेल, तर ती बरोबर आहे का. देव अशा प्रश्नांना उत्तर देत नाही, आणि ते मला ठीक वाटतं.

बाहेर पायऱ्यांवर ललित भेटला. मुलीच्या नावाने अभिषेक सांगायला आला होता, सोयर फिटलं नव्हतं म्हणून पायऱ्यांवरच थांबला होता. बाजूला बसलो. मी सगळं सांगितलं. सचिवांचं वाक्य, मेची बैठक, जसोदा काय म्हणाली ते. सांगताना त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

"माले पहिलाच दिन मालूम व्हतं, सर."

"पहिल्या दिवशी?"

"तुम्ही सकाळी एकटे कक्षात बसले ना, तवाच. म्हटलं, सर स्वतः शिकायला लागले, आता आपलं काही खरं नाही."

"मग मला बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही इतके खूश होते." तो हसला. मग म्हणाला, "केबल सापडली सर. घरी आहे. उद्या आणतो."

"उंदरांनी नेली होती ना?"

"हां. मन्हाच घरना उंदीर."

मला कळायला एक क्षण लागला. मग दोघेही इतके हसलो की शेजारची म्हातारी रागाने पाहू लागली.

हसणं थांबल्यावर तो गंभीर झाला. "नंबर बदलून टाका सर. त्या दिवशी आत नेताना रंजिताने हाक मारली, आणि मी कोणाला तरी आकडा सांगत होतो. कोणाला ते पण आठवत नाही."

मला आठवत होतं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, असू द्या.

"मग नोकरीचं?"

"ते तुम्ही पाहा नाहीतर तो पाहील," असं म्हणून त्याने देवळाकडे मान वळवली. "पण तो मीटिंगला बसत नाही."

१ मार्च, शनिवार

अमृतभाऊंना विश्वासात घेतलं. ते एकदम गंभीर झाले.

"नंबर बदलू नको आते. ज्याना हातमा किल्ली, त्यानंच लोके ऐकतस. आधी त्यानी ऑर्डर काढा म्हणा, मग बदलू. कॉलेज बंद पडी जाई, दोन दिनमा कबूल करतीन."

खरं सांगायचं तर हे मला आवडलं. दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं. मी, छगन पटेल, जन्मात कोणाला अडवलं नाही, आणि आता साऱ्या कॉलेजला अडवू शकतो! या विचाराने छातीत एक वेगळीच गरमी येते. म्हणूनच संध्याकाळी त्याची भीती वाटली. लोकांच्या किल्ल्या लोकांना द्यायच्या म्हणून निघालो, आणि त्याच खिशात घालून भाव करायचा? शिवाय तोवर फोन ललितलाच येत राहणार. घरात अकरा दिवसांची मुलगी.

नाही. नंबर बदलायचे. ऑर्डरचं वेगळं बोलायचं, उघडपणे.

८ मार्च, शनिवार

साइट आज अजिबात स्लो नव्हती.

केबल लावली, पडदा लावला. एका वेळी एक जण, असं ठरवलं. ललित मधे बसला, फोन टेबलावर. ज्याची पाळी तो येई, ललितच्या फोनवर शेवटचा आकडा वाची, स्वतः घाली, आणि आपला नंबर टाकी. ललितने हात मागे बांधून घेतले होते. रुपाचं मी त्याला सांगितलं होतं. तरी दोनदा त्याचा हात सुटून माऊसकडे गेला, आणि अमृतभाऊ ओरडले, "हात मागे! हात मागे!"

प्राचार्यांचा शेवटचा. त्यांच्या मोबाइलवर त्यांच्याच नावाचा पहिला आकडा आला, तेव्हा त्यांनी तो आम्हाला सगळ्यांना फिरवून दाखवला. मी म्हटलं, सर, हा कोणाला दाखवायचा नसतो.

१० मार्च, सोमवार

सकाळी अमृतभाऊ ग्रंथालयात. पासवर्ड विसरले. कार्यालयातल्या दोघांना नंबर बदललाय हेच आठवेना. मराठीच्या बाईंना आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. सगळे ललितकडे गेले. तो हात मागे बांधून एकेकाला सांगत होता. करून देण्यापेक्षा चौपट वेळ लागत होता, पण अमृतभाऊंनी शेवटी स्वतः उघडलं आणि खिडकीतून मला हाक मारून सांगितलं.

म्हणजे शनिवारी जे झालं ते शिकणं नव्हतं, शिकण्याची सुरुवात होती. मी समजत होतो की प्रशिक्षण हे लसीसारखं असतं, एकदा टोचलं की झालं. ते तर रोज पाणी घालण्यासारखं निघालं.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. अहवाल टाइप होऊन तयार होता, खाली माझं नाव, सहीची जागा. वाचला. शेवटची ओळ माझी नव्हती: "प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याने संगणक चालकाच्या पदाची आता आवश्यकता उरलेली नाही."

"हे कोणी घातलं?"

"शांतीलालभाईंनी सांगितलं. समन्वयकाची शिफारस असली म्हणजे बैठकीत प्रश्न येत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "छगनभाई, मुलींच्या वाचनकक्षाचा तुमचा प्रस्तावही त्याच बैठकीत आहे. विचार करा. उद्या सही करून द्या."

तो वाचनकक्ष मी सहा वर्षांपासून मागतोय. घरी येऊन जेवलो नाही. जसोदाने ताट झाकून ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

वसतिगृह रिकामं झालं. रुपा आणि तिच्या मैत्रिणी सकाळच्या एसटीने होळीला गेल्या. त्यांना जाताना पाहून वाचनकक्षाची आठवण आली, आणि वाईट वाटलं. ते मी लपवत नाही.

अकराला प्राचार्यांकडे गेलो. शांतीलालभाई बसलेले होते. बरं झालं. मी म्हटलं, ही ओळ खोटी आहे, मी तिच्याखाली सही करू शकत नाही.

"खोटी कशी? नंबर तर बदलले ना?" शांतीलालभाई म्हणाले.

"बदलले. तुम्ही आत्ता स्टाफरूममध्ये या. किती जणांना एकट्याने जमतं ते पाहा."

"मग तुमचं प्रशिक्षण फसलं म्हणायचं."

"फसलं नाही. चालू आहे. ते चालवायला माणूस लागतो. तो माणूस करून देणारा होता, आता शिकवणारा होतोय."

"तुमचा वाचनकक्ष..."

"त्याचा या ओळीशी काय संबंध, भाई?"

त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खिडकीबाहेर पाहत होते. मी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. शेवटची ओळ खोडली. वर हाताने लिहिलं: "प्रशिक्षण पूर्ण झालेले नाही. ते पुढे चालू ठेवण्यासाठी ललित चौधरी यांची नेमणूक कायम राहावी, अशी माझी शिफारस आहे." अक्षर थोडं वाकडं आलं. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरं, खाली पूर्ण नाव, तारीख आणि सही. एक प्रत माझ्यासाठी काढून घेतली आणि मूळ प्रत शांतीलालभाईंच्या हातात दिली.